भीतीला पाट मांडायचा नाही

बायकांच्या भीतीची यादी करायला बसले, तर वहीची पाने पुरायची नाहीत. लहानपणी काळोखाची आणि मागच्या परसातल्या चिंचेची. लग्न झाल्यावर सासूबाईंच्या कपाळावरच्या आठीची. मग महिन्याची वीस तारीख उलटल्यावर डब्यात तांदूळ किती उरले याची, पोराला ताप चढला आणि नेमके ‘हे’ घरी नाहीत याची. यातल्या बऱ्याचशा भीती आल्या तशा जातात. उद्या आठवल्या तर आपले आपल्यालाच हसू येते. पण एखादी अशी असते की एकदा उंबरा ओलांडून आत आली की पाहुण्यासारखी आठ दिवसांत परत जायचे नाव काढत नाही. चुलीपाशी बसते, अंथरुणात शिरते. माझ्याकडे अशी एक आली होती. तिला बाहेर काढायला मला मदत झाली ती नव्वद वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईची. तिच्याविषयीच लिहिणार आहे, पण आधी आमच्या गावाबद्दल थोडे सांगायला हवे.

आमचे तुडील महाड तालुक्यातल्या खाडीपट्ट्यात. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूर, महाडवरून येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वरून डोंगरातले पाणी आणि खालून भरती, दोन्ही एका वेळी आली की मधल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. पाऊस आम्हाला नवा नाही. इथल्या बायका भिजलेल्या लाकडांवर भात शिजवून दाखवतात! पण २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर खाली आला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल रात्रीच्या अंधारात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट पाण्यात गेल्या. आणि मग २२ जुलै २०२१. महाड शहर पाण्याखाली, तळियेची एक वाडीच दरडीखाली, ऐंशीहून जास्त माणसे गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच पावसात दरडी आल्या.

आमच्या घरात पाणी शिरले नाही. दरडही आली नाही. एक कौल फुटले नाही म्हणा ना! शिरली ती भीतीच. वीज नाही, फोन लागत नाही, हे मुंबईला नोकरीवर, मुलगा पुण्याला. घरात मी आणि सासूबाई. त्यांचे तेव्हा अठ्ठ्याहत्तर संपलेले, गुडघे कामातून गेलेले. घराच्या मागे डोंगर. चौथ्या दिवशी बातम्या कळल्या, आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. पाऊस जरा जोराने लागला की मी उठून मागचे दार उघडायची आणि बॅटरीच्या उजेडात डोंगराकडे बघत उभी राहायची. बघून काय कळणार होते? पण पाय अंथरुणाकडे वळायचेच नाहीत. गणपती आले, गेले. दिवाळीत पाऊस नव्हता तरी रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. यांना फोनवर सांगितले की म्हणायचे, “मुंबईला या दोघी.” आणि सासूबाई म्हणायच्या, “माजं घर सोडून मी कुठं यायची नाय गो.” झाले, विषय संपला.

आमच्या भागात तेव्हा एक सिस्टर होत्या. नर्सबाई. त्या नगर जिल्ह्यातल्या, राहुरीकडच्या, मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या. नवरा अकाली गेलेला, मुलगी शिकायला बाहेर, आणि या बाई छत्री आणि पिशवी घेऊन वाडीवाडीने रक्तदाब तपासत फिरायच्या. पुराच्या तिसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलातून आमच्याकडे आल्या त्या सासूबाईंच्या गोळ्या संपल्या असतील म्हणून. सासूबाईंचे सोवळे-ओवळे मोठे कडक. सिस्टरच्या हातून गोळी घ्यायच्या, पण पाणी स्वतःच्या तांब्यातले, स्वतःच्या हाताने. सिस्टरना हे माहीत होते. त्या गोळी तळहातावर ठेवायच्या आणि तोंड दुसरीकडे फिरवून माझ्याशी बोलायला लागायच्या, म्हणजे म्हातारीला ओशाळे व्हायला नको. एवढा पोच मी भल्याभल्या शिकलेल्यांत पाहिलेला नाही.

एकदा मी त्यांना विचारले, “सिस्टर, तुम्ही एकट्या राहता, या असल्या पावसात हिंडता. भीती नाही वाटत?”

त्या म्हणाल्या, “वाटते की. न वाटायला मी काय दगड आहे? येते ती. पण तिला पाट मांडून बसवायचं नाही. उभ्या उभ्या बोलायचं आणि कामाला लागायचं.”

“मग देवाला काय सांगता? पाऊस थांबव म्हणून?”

“छे हो. पावसाचं त्याचं तो बघेल. मी आपली म्हणते, माझे हातपाय हलते ठेव.”

पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नाव अर्थातच ऐकलेले. शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा आपल्या सगळ्यांनाच असतो, आणि विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला होता, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. पण पुस्तक सबंध वाचलेले नव्हते. सिस्टर म्हणाल्या, “आमच्या राहुरीत राहिलेल्या बाई आहेत या. रात्री दोनला जाग येते ना? मग डोंगराकडे बघण्यापेक्षा हे वाचा.”

तर २०२२ च्या पावसाळ्यात मी ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतले. सासूबाईंनाही झोप कमीच. “मनात काय वाचतंस? मोठ्यान वाच,” म्हणाल्या. म्हणून मग मोठ्याने.

आणि मैत्रिणींनो, पहिल्या काही पानांतच आम्हा दोघींच्या लक्षात आले की ही गोष्टच भीतीची आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखले. सत्तावनच्या धामधुमीत घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्याने म्हणा, वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले. साधेसुधे नव्हे. बाहेरून घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. कोणी शिवले का, कोणाची सावली पडली का, या धास्तीत ते सारे घर वावरे. मुलीचे बालपण त्या धास्तीतच गेले. मी वाचताना सासूबाईंकडे चोरून पाहिले. त्या म्हणाल्या, “अगो, हे जास्तच झालं.” मी गप्प राहून पान उलटले.

अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. हे तेच ‘फुलांमुलांचे कवी’ रेव्हरंड टिळक. माणूस थोर, कवी म्हणून तर थोरच. पण संसाराच्या दृष्टीने? आज इथे, उद्या तिथे. नोकरी धरली म्हणता सोडलेली. घरात आहे ते उचलून कोणाला तरी देऊन टाकलेले. न सांगता निघून जायचे आणि परत आले तर आले. अशा माणसाबरोबर राहणाऱ्या बाईला रोज सकाळी उठल्यावर भीतीशिवाय दुसरे काय असणार? लक्ष्मीबाई हे सगळे हसतहसत सांगतात. वाचणारा पोट धरून हसतो आणि मग त्याच्या लक्षात येते की ही बाई तेव्हा उपाशी होती.

मग १८९५ चा फेब्रुवारी. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारले नाही, सांगितले नाही. तिला कळले ते लोकांकडून. पदरात चार वर्षांचा दत्तू. त्या काळात याचा अर्थ काय, हे आज आपल्याला नीट उमगायचे नाही. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे गेले तर जात गेली, आणि नाही गेले तर जन्म गेला. कुंकू लावायचे की पुसायचे इथपासून प्रश्न. वेड लागायची पाळी आली होती त्यांच्यावर. सासूबाई ताडकन उठून बसल्या, “मेल्यानं निदान सांगून तरी जायचं व्हतं!” मलाही तेच वाटते. टिळकांची श्रद्धा खरी होती, पुढे त्यांनी आयुष्यभर ती जगून दाखवली, सगळे खरे. पण या एका बाबतीत मी सासूबाईंच्याच बाजूची. देवाकडे जाणाऱ्याने बायकोला चिठ्ठी ठेवली असती तर देव काही रागावला नसता.

लक्ष्मीबाई बहिणीच्या आणि नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. याच दुःखाच्या दिवसांत त्या कविता करू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. नवऱ्याने शिकवली तेवढीच अक्षरे. आणि काही वर्षांनी त्यांनी ठरवले, नवऱ्याकडे जायचे, पण धर्म सोडायचा नाही. नगरला आणि राहुरीला त्या टिळकांजवळ येऊन राहिल्या त्या आपले सोवळे सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती नवऱ्याच्या आसऱ्याला राहायचे आणि त्याच्या हातचे पाणी चालायचे नाही! टिळकांनी एवढे मात्र केले की जबरदस्ती केली नाही. तू तुझ्या मनाने ये, नाहीतर येऊ नकोस.

पुस्तकातला जो भाग मी तीनदा वाचला तो इथे येतो. त्यांना कोणी उपदेश करून पालटवले नाही, की काही दिव्य दिसले नाही. विचार करून करून एका टप्प्याला त्यांच्या मनाने घेतले की ही जातीची, शिवाशिवीची भिंत माणसाने बांधली आहे, देवाने नाही. देवाने बांधली असती तर जन्मण्याची नि मरण्याची रीत जातीजातीला वेगळी ठेवली असती. आणि एकदा हे पटल्यावर ही बाई थांबलीच नाही. जन्मभर जिची धास्ती घेतली ती शिवाशीव त्यांनी टाकून दिली. कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. बाप्तिस्मा तर पुढे, १९०० साली राहुरीला झाला. आधी भीती गेली आणि मग धर्म बदलला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. सिस्टरना मी तसे म्हटले, तर त्या म्हणाल्या, “तुम्हाला तसा दिसतो क्रम. आम्हाला वाटतं, भीती काढायला जो आला तोच येशू.” आता यावर मी काय बोलणार? त्यांचा त्यांना अनुभव. पुस्तक वाचताना मला त्यांचे म्हणणे खोडून काढता आले नाही एवढे खरे.

वाचता वाचता मी पुस्तक मिटून बसले होते, कारण मला महाडचे चवदार तळे आठवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आम्ही कितीदा तरी त्या तळ्यावरून बाजाराला गेलो आहोत, पिशव्या सांभाळत, एसटी चुकेल म्हणून धावत. त्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी, घाटावरच्या राहुरीत, एका बाईने आपल्या स्वयंपाकघरात आपल्यापुरते तेच पाणी पिऊन टाकले होते. तिच्यामागे ना सभा होती, ना मोर्चा. सासूबाईंनी विचारले, “का गं, थांबलंस का?” मी म्हटले, “चवदार तळं आठवलं.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे माहेर महाडजवळचे. त्यांच्या वडिलांनी १९२७ चे काय काय पाहिले असेल, आणि ते कोणत्या बाजूला उभे असतील, हे मी कधी विचारलेले नाही.

आता कुणी म्हणेल, ख्रिस्ती झाल्यावर त्यांचे सगळे छान झाले असेल. तसे काहीही झाले नाही. दुष्काळात पोरकी झालेली पोरे टिळकांनी घरात आणली. त्यांचे खाणे-पिणे, खरूज-नायटे कोणी काढायचे? लक्ष्मीबाईंनी. प्लेग आला. लोक गावे सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले. आपली माणसे आपल्या माणसांना सोडून पळत होती. त्या दिवसांत ही बाई आजाऱ्यांच्या शुश्रूषेला उभी राहिली. जिच्या बापाच्या घरी कोणाची सावली चालत नव्हती तिने प्लेगच्या रोग्याच्या अंगाला हात लावला. पैशाची ओढाताण शेवटपर्यंत. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, म्हणजे होता तो पगारही गेला. १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. आणि तिथून पुढे त्यांनी काय केले? टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य सुरू केले होते, जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते. ते यांनी पुढे नेऊन साठाच्या वर अध्याय लिहिले. मुलाने, देवदत्तने, पाठीस लागून आठवणी लिहून घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या. १९३६ च्या फेब्रुवारीत गेल्या.

सिस्टरनी मला आणखी एका बाईंची आठवण दिली. पंडिता रमाबाई. त्यांचा स्वभाव वेगळा, वाटही वेगळी. लक्ष्मीबाई हसतात, रमाबाई फारशा हसत नाहीत. हसायला त्यांना सवड कुठे होती! सोळा-सतरा वर्षांच्या वयात दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांदेखत गेलेली. उरलेल्या भावाबरोबर पायी हिंडत कलकत्त्याला पोचल्या. १८७८ साली तिथल्या विद्वानांनी संस्कृतावरचे प्रभुत्व पाहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. मग भाऊही गेला. लग्न झाले, दीडेक वर्षात पदरात तान्ही मनोरमा टाकून नवरा पटकीने गेला. तेवीस वर्षांच्या विधवा. पुढच्याच वर्षी, १८८३ साली, मुलीला घेऊन इंग्लंडला, आणि तिथे ख्रिस्ती धर्म घेतला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले, ते नंतर पुण्याला नेले. पुण्यात त्यांच्यावर काय काय टीका झाली ते सगळ्यांना माहीत आहे. धर्म बदलल्यावर अमेरिकेतल्या मदतीने चाललेल्या शाळेत मुली ख्रिस्ती होणार, अशी लोकांना धास्ती. ती धास्ती अगदीच निराधार होती असेही म्हणता यायचे नाही. पण म्हणून त्या विधवांसाठी दुसऱ्या कोणी किती दारे उघडी ठेवली होती, हेही विचारायला हवे.

मला त्यांचे थोरपण दिसते ते केडगावात. १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपासाने हाडे निघालेल्या पोरी, बाया शेकड्यांनी घेऊन आली. पुण्याजवळ, दौंडच्या रेल्वेवर, केडगावला ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. विचार करा, वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या आईला दुष्काळात मरताना पाहिलेली बाई. ती दुष्काळ पुन्हा डोळ्यांनी बघायलाच तयार झाली नसती तर तिला कोणी नावे ठेवली असती? उलट ती आपण होऊन त्यात शिरली. केडगावात शेती होती, माग होते, आंधळ्या बायकांना शिकवायची सोय होती, आणि छापखाना होता, तो बायका चालवत. रमाबाईंना ऐकू कमी येई. त्या बसून मूळ हिब्रू नि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत, घरकाम करणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत, आणत होत्या. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मनोरमा गेली. त्यानंतर वर्षही न होता, ५ एप्रिल १९२२ ला, भाषांतराचे काम हातावेगळे करून रमाबाई गेल्या.

या दोघींबद्दल वाचताना मी एक गोष्ट सारखी शोधत होते. देवावर भरवसा ठेवल्यावर त्यांच्यावरचे कोणते संकट टळले? मला एकही सापडले नाही. दुष्काळ आला तो आला, प्लेग आला तो आला, माणसे गेली. मग या श्रद्धेने त्यांना दिले काय? माझ्या परीने मला उत्तर मिळाले ते असे: भीती बाईला आपल्याच दारात, आपल्याच खिडकीत उभी करून ठेवते. बाहेर बघत. या दोघी त्या दारातून दुसऱ्याच्या घरात गेल्या. सिस्टर म्हणतात ते हातपाय हलते राहणे म्हणजे हेच असावे. त्यांना ते येशूच्या नावाने साधले. आमच्या घरी गौरी-गणपती येतात, पुढेही येतील. सिस्टरनी मला कधी प्रार्थनेला चला म्हटले नाही, पुस्तक तेवढे दिले. धर्म बदलायला हवा असे मला कुठेही वाटले नाही, आणि त्या बायकांचा धर्म बाजूला ठेवून नुसते त्यांचे गुण घ्यावेत असेही जमले नाही. त्यांच्या धैर्यातून येशू वगळला तर मागे काय उरते ते मला सांगता येत नाही. सिस्टर रात्री झोपण्याआधी तेविसावे स्तोत्र म्हणतात, मी रामरक्षा म्हणते. एका रात्री मुक्कामाला होत्या तेव्हा दोघींनी एकाच खोलीत आपापले म्हटले आणि पडलो. बाहेर पाऊस लागलाच होता.

एक ध्यानात ठेवा, भरवसा म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. जून लागला की मी पत्र्याची एक ट्रंक तयार करते. आधार कार्डे, रेशन कार्ड, सातबारा, बँकेची पुस्तके दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. सासूबाईंच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या. काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यात थोडे कोरडे तांदूळ घातले की सर्दावत नाहीत. बॅटरी, चुरमुरे, गूळ, एक जाड सतरंजी. मागच्या डोंगरात नवी भेग दिसली, विहिरीचे पाणी एकदम गढूळ झाले, झाडे वाकलेली दिसली, तर रात्रीची वाट न बघता निघायचे, हे वाडीतल्या सगळ्या बायकांनी मिळून ठरवले आहे. कोणी कोणाला हाक मारायची हेही ठरले आहे. पूर्वी मी एकटी मागच्या दारात उभी राहायची, आता वरच्या घरातली वहिनी आणि मी दिवसाउजेडी डोंगर बघून येतो आणि रात्री झोपतो. रोज झोप लागते असे नाही. लागते तेव्हा गाढ लागते.

पुस्तक संपायला आम्हाला दोन पावसाळे लागले, कारण सासूबाई आवडलेला भाग पुन्हा वाचायला लावत. त्यांना सगळ्यात आवडे तो लक्ष्मीबाईंचा फटकळपणा. टिळकांना मात्र त्यांनी शेवटपर्यंत माफ केले नाही. मधेच विचारायच्या, “तिनं बाटल्यावर पयल्यांदा कुणाच्या हातचं पानी प्यालं गं?” मी सांगायची. मग त्या “हं” म्हणायच्या आणि सुपारी कातरायला घ्यायच्या.

२०२३ च्या जुलैत, खालापूरकडे इरशाळवाडीवर दरड आली त्या आठवड्यात, आमच्याकडे पाऊस धरून होता. डोंगराकडच्या चार घरांतली माणसे संध्याकाळीच आमच्या पडवीत येऊन बसली होती. कोणत्या जातीची, कोणत्या वाडीची, हे सांगायची गरज नाही. सगळी भिजलेली, लहान पोरे रडवेली. मी आत पेजेला तांदूळ धुवत होते. सिस्टरही त्याच वेळी टपकल्या, नेहमीसारख्या पिशवी घेऊन. सासूबाईंची रात्रीची गोळी द्यायची होती आणि माझे हात ओले. सिस्टरनी गोळी तळहातावर ठेवली आणि सवयीप्रमाणे तोंड माझ्याकडे वळवले.

“पानी कोन देतंय?” सासूबाई म्हणाल्या.

मी लगबगीने त्यांचा तांब्या उचलायला गेले.

“तू पेजेचं बघ. पोरं उपाशी हायत,” त्या म्हणाल्या, आणि सिस्टरपुढे हात केला. “द्या तुम्ही.”

सिस्टरनी माठातले पाणी पेल्यात ओतले आणि दिले. सासूबाई गोळी गिळून सगळा पेला प्यायल्या, पदराने तोंड पुसले आणि मला आतून मोठे पातेले काढायला सांगितले, कारण लहान पातेल्यात एवढ्या माणसांची पेज मावणार नव्हती.